डोमाजी मिस्त्रीची करंगळी

डोमाजी मिस्त्री पहिल्यांदा भेटला तेव्हा माझ्याशी एक शब्द बोलला नाही. जे बोलला ते माझ्या फटफटीशी. पुढच्या चाकापाशी उकिडवा बसून, चिमट्याच्या नळीवरून ओघळलेलं तेल त्याने बोटावर घेतलं आणि तिला विचारलं, "काऊन रडून राह्यली वं बाई? कोनं मारलं तुले?" मग मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं, की मारणारा दुसरा कोण असणार.

मारणारा मीच होतो हे खरं आहे. मी तेव्हा महारोगाच्या तपासणीवर होतो. डॉक्टर नव्हतो, पण पांढरा सदरा, खिशाला पेन आणि बुडाखाली फटफटी एवढ्यावर आमच्या वर्धा जिल्ह्यात माणूस डॉक्टर होत असे, आणि मीही कोणाला सुधारायला जात नसे. काम असं, की गावोगाव जायचं, माणसांना उजेडात उभं करायचं, अंगावर फिकट चट्टा दिसला तर त्यावर पीस फिरवून "समजते का" विचारायचं, कोपरामागची शीर चाचपायची, आणि रोगी सापडला की वहीत नाव लिहायचं. रस्ते बैलगाडीच्या चाकोऱ्यांचे. फटफटी लढाईतून उरलेली, लिलावात घेतलेली विलायती. तिला मागे धक्के खायला काही नव्हतंच, ते काम माझा मणका करी. पुढे मात्र चाक धरणाऱ्या चिमट्याच्या दोन नळ्या होत्या. नळीत तेल, स्प्रिंग आणि वरखाली होणारा गुळगुळीत दांडा. नळीच्या तोंडाशी एक कडं बसवलेलं असतं, त्याला सील म्हणतात. दांडा कितीही नाचला तरी तेल आत अडवून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. ते माझ्या गाडीने सोडून दिलं होतं.

रबरी सील नागपूरला सांगावं लागे, नागपूरवाला मुंबईला सांगे, आणि मुंबईवाला विलायतेला सांगत असावा, कारण चार-चार महिने उत्तर नसे. तोवर मी काय पायी फिरू? मी चिडलेलाच होतो. पुलगावातल्या कोणीतरी सांगितलं म्हणून नाचणगावच्या रस्त्याला, कडुनिंबाखाली टिनाचं छप्पर टाकून बसलेल्या या माणसाकडे आलो. वय पंचेचाळिशीचं, अंग वाळक्या शेंगेसारखं, कमरेला धोतर आणि वर खाकी शर्ट.

"सील आहे का तुमच्याकडे?" मी विचारलं.

"नाई."

"मग?"

"म्हैस हाये," डोमाजी म्हणाला.

तो थट्टा करतोय असं वाटून मी गाडीला किक मारायच्या बेतात होतो. पण ते खरं होतं. त्याच्या बापाने, आज्याने जन्मभर मोटा शिवल्या होत्या. विहिरीतून पाणी ओढायची कातड्याची मोट. तीतून पाणी गळलं तर शेतकरी शिवणाऱ्याच्या सात पिढ्या काढतो. "पानी राखते ते कातडं तेल काऊन नाई राखन, सायेब?" हा त्याचा सवाल होता, आणि याला विलायतेकडे उत्तर नव्हतं. म्हशीचं कातडं, तेही पाठीवरचं, मानेचं नाही, मान दाव्याखाली घट्टे पडून निबर होते. दोन दिवस ते कोमट एरंडेलात भिजवायचं, बाभळीच्या लाकडाच्या साच्यात दाबून वाटीसारखं वळवायचं, वाळलं की कडा रापीने अशी कापायची की कातड्याची ओठासारखी पातळ धार दांड्याला अलगद धरून राहील. असलं सील त्याने मला करून दिलं आणि ते दोन पावसाळे टिकलं. पुढे नागपूरहून रबरी आलं, ते आठ महिन्यांत गेलं. त्यानंतर मी नागपूरला पत्र लिहिणं सोडलं.

पण खरं काम कातड्याचं नव्हतं. ते त्याने मला तिसऱ्या-चौथ्या खेपेला सांगितलं, आधी सांगण्याइतका विश्वास नव्हता. सील कितीही चांगलं असो, दांड्यावर गंजाचा सुईच्या टोकाएवढा जरी खड्डा असला तरी तो वरखाली होताना सीलची धार कापतो. डोळ्याला तो दिसत नाही. म्हणून दांडा बाहेर काढला की डोमाजी तो घासलेटने धुई, फडक्याने कोरडा करी, डोळे मिटे, आणि उजव्या हाताची करंगळी वरून खाली ओढत नेई. इतर बोटं हवेत उचललेली. तेवढा वेळ त्याच्याशी बोलायचं नाही असा नियम होता. मी एकदा बोललो तर त्याने दांडा पुन्हा पहिल्यापासून तपासला, आणि माझ्यामुळे वेळ गेला हे दिवसभर ऐकवलं.

"करंगळीच का?" मी विचारलं होतं.

"बाकीचे नऊ बोटं मजूर हायेत सायेब. पाना धरतेत, हातोडी खातेत. कातडं झालं त्यायचं. ह्या एकल्या बोटाले मी कवा कामाले लावलं नाई. हे घरची लाडाची पोरगी हाये. म्हनून हिले समजते."

आणि समजत असे. "अठी हाये," म्हणून तो खडूने खूण करी. मी त्या जागी डोळे फाडून पाही, मला काही दिसत नसे. नख फिरवलं की मात्र अडे. मग तो त्या खुणेवर रेगमाल कागद, त्यानंतर राख, मग चिंधी असा अर्धा-अर्धा दिवस घासत बसे. घाई करणाऱ्याला त्याच्याकडे थारा नव्हता. पुलगावच्या लष्करी छावणीतला एक सुभेदार "जल्दी करो" म्हणाला तर डोमाजीने पाना पुसला, पेटीत ठेवला आणि जेवायला गेला.

झटक्यांबद्दल त्याचं स्वतःचं एक शास्त्र होतं. "झटका जिरत नाई सायेब, तो कोठी तरी जातेच. चिमट्यानं नाई खाल्ला त मनगट खाते, मनगटानं नाई खाल्ला त कमर." मी तेव्हा हसत असे. तो माणूस जन्मभर कोणाकोणाचे झटके खात आला होता, हे हसताना लक्षात येत नसे.

आमच्याकडच्या कापसाच्या जिनिंगचे मॅनेजर बापूसाहेब. त्यांनी नवी गाडी घेतली, तिला मागेही धक्के खाणारे दोन शॉकअप होते. त्या काळी ती नवलाई होती. वर्ष-दीड वर्षात मागचे दोन्ही बसले, गाडी खड्ड्यात गेली की घोड्यासारखी उधळे. बापूसाहेब डोमाजीकडे आले. त्याने शॉकअप उघडून आतली वाटी कातड्याची बसवली, स्प्रिंगांखाली चकत्या घालून त्या उचलल्या, नवं तेल भरलं, आणि म्हणाला, "चला आता. तुमी चालवा, मी मांग बसतो."

बापूसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. गाडी डोमाजीने उघडली, प्रत्येक नटाला हात लावला, ते चाललं होतं. पण हा माणूस आपल्या पाठीला छाती लावून, खांद्याला धरून भर रस्त्यातून येणार? "मागे बसायचं काय काम? मी सांगतो ना कशी चालते ते."

"तुमाले पुढचं समजन. मांगचं मांग बसल्याबिगर कसं समजन?"

दहा मिनिटं कोणी हललं नाही. शेवटी बापूसाहेबांनी तरटाची चौपदरी घडी मागवली, ती सीटवर दोघांच्या मध्ये उभी लावली, आणि स्वारी देवळीच्या नाक्यापर्यंत जाऊन आली. परत येऊन डोमाजीने उजव्या बाजूची एक चकती काढली. बापूसाहेब गेल्यावर मला म्हणाला, "गाडीले दोन शॉकअप होते, सायबानं तिसरा लावला. तरटाचा." आणि तोंड भरून हसला. मला हसू आलं नाही, संताप आला, बापूसाहेबांचा कमी आणि हसणाऱ्याचा जास्त. त्याची बायको यशोदाबाई मागच्या घरातून चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "ते हसतेत त हसू द्या भाऊ. घरी येऊन जेवत नाईत मंग."

अशी चार वर्षं गेली. आम्ही मध्य प्रदेशात होतो ते मुंबई राज्यात गेलो, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, रस्ते तेच राहिले. मी महिन्यातून एक-दोन वेळा त्या कडुनिंबाखाली उलट्या डब्यावर बसून चहा पीत असे. हे मी मुद्दाम लिहितो. चार वर्षं. रोज शे-दीडशे माणसांची कोपरं चाचपणारा मी, समोर बसलेल्या या एका माणसाच्या कोपराला कधी हात लावला नाही. तो मला रोगी वाटतच नव्हता, तो माझा मिस्त्री होता. एवढी साधी चूक माझ्याकडून झाली आणि तिची शिक्षा मला झाली नाही.

केळझरकडच्या उतारावर मी पडलो. पुढचा ब्रेक धरला तो लागलाच नाही. चिमट्यातलं तेल ओघळून ब्रेकात उतरलं होतं. गुडघा सोलला, सदरा फाटला, औषधाची पेटी गडगडत खाली गेली. आणि सील डोमाजीने बसवून तीन दिवस झाले होते. तीन दिवस! दुखण्यापेक्षा मला रागाने ठणकत होतं. लंगडत, गाडी ढकलत, एका बैलगाडीच्या मागे दाव्याने बांधून मी ती नाचणगावच्या रस्त्याला आणली आणि त्याच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. माणूस रागात जे बोलतो त्यातलंच.

डोमाजीने चाक काढलं, दांडा काढला, धुतला, पुसला, डोळे मिटले. करंगळी वरून खाली गेली.

"साफ हाये सायेब."

"साफ आहे तर तेल कसं आलं?"

त्याने पुन्हा फिरवली. "साफ हाये. काचेवानी."

मी त्याच्या हातातून दांडा ओढून घेतला आणि माझं नख फिरवलं. मधोमध, बोटभर अंतरात, तीन ठिकाणी नख अडलं. मी त्याचा हात धरून करंगळी नेमकी तिथे टेकवली. "हे? हे समजत नाही?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग स्वतःच्या बोटाकडे. आणि मीही, चार वर्षांत पहिल्यांदा, ते बोट पाहिलं. करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलं होतं, थोडंसंच. तळहाताच्या त्या कडेचा मांसल भाग बसला होता. मी काही न विचारता त्याचं कोपर चाचपलं. हाडाच्या खाचेत शीर लागली, दोरीएवढी जाड. कोपराच्या वर फिकट चट्टा होता, अर्ध्या बाहीखाली झाकलेला. मी खिशातलं पीस काढलं.

"डोळे मिटा. समजते का?"

"नाई."

"आता?"

"लावलं का तुमी?"

यशोदाबाई दारात उभी होती. तिला माझं काम माहीत होतं, सगळ्या तालुक्याला माहीत होतं. ती आत निघून गेली.

"किती दिवसांपासून?"

"पोयापासून मुंग्या येऊन राह्यल्या होत्या. मले वाटलं घासलेटानं बधिर झालं असन." मग त्याने पहिलं जे विचारलं ते रोगाविषयी नव्हतं. "मंग पोयापासून जेवढे दांडे केले, ते सारे?"

पोळ्यापासून त्याने चौघांच्या गाड्या केल्या होत्या. त्याने त्या चौघांना निरोप धाडून गाड्या परत मागवल्या, दांडे बाहेर काढून घेतले, आणि मला म्हणाला, "तुमी नख फिरवा." मी चार गाड्यांचे आठ दांडे नखाने तपासले, खडूने खुणा केल्या, त्याने घासले. दोन दिवस माझं सरकारी काम बंद होतं. मला त्याची लाज वाटत नाही.

आता वहीचा प्रश्न आला. रोगी सापडला की नाव लिहायचं हा नियम. गोळ्या तेव्हा आलेल्या होत्या, पांढऱ्या, नियमाने घेतल्या तर रोग थांबे. पण वही पुढे जाई, यादी निघे, यादी कोतवालाच्या हाती पडे, आणि संध्याकाळी पाणवठ्यावर ती तोंडपाठ असे. डोमाजीने माझे हात धरले नाहीत, रडला नाही. फक्त म्हणाला, "नाव नोका लिवू सायेब. अधिच आमच्या हातचं पानी कोन पेते? गाड्या तेवढ्या येतेत. त्याबी येनार नाईत."

मी नाव लिहिलं नाही. नोकरीतला हा माझा एकच गुन्हा, आणि तोही धड करता आला नाही. गोळ्या आठवड्याच्या आठवड्याला द्यायच्या, अंगावर काही उठलं तर पाहायचं. तेव्हा दर बुधवारी मी गाडी घेऊन येऊ लागलो. कारण काय सांगायचं? डोमाजी गाडी लाकडी घोडीवर चढवी, पुढचं चाक काढी, चिमटा मोकळा करून पुन्हा जोडी. तेवढ्यात मी गोळ्यांची पुडी त्याच्या पेटीत नटांच्या डबीखाली ठेवी, आणि आठवड्यातल्या दांड्यांवर नख फिरवून देई. आम्हाला वाटलं आम्ही फार हुशार. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसे की डॉक्टरची गाडी उघडलेली आहे, बस.

पण तो रस्ता नाचणगावचा होता. तिथे कोणाची म्हैस किती दूध देते हे मालकाआधी शेजाऱ्याला ठाऊक असतं. डॉक्टरची गाडी या बुधवारी उघडलेली, पुढच्या बुधवारी उघडलेली, त्याच्या पुढच्याही. लोकांनी सरळ अर्थ काढला, की डोमाजीचं सील आता आठ दिवससुद्धा टिकत नाही. आधी छावणीतली गाडी यायची थांबली. मग पाटलाची. डोमाजी पूर्वी कामाच्या वेळी गुणगुणायचा, ते बंद झालं. "लोक काय म्हणतात ऐकलं का?" मी एकदा विचारलं. "ऐकलं," म्हणाला. मी म्हटलं, "म्हणू द्या, गोळ्या महत्त्वाच्या." मला खरोखरच तसं वाटत होतं.

त्या बुधवारी बापूसाहेब आले. त्यांची गाडी आदल्या दिवशी डोमाजीकडे दिलेली होती, मागचे शॉकअप पुन्हा बसले होते. ती अजून उघडली नव्हती. शेजारी माझी गाडी चाक काढून घोडीवर उभी.

"डोमाजी, राहू दे," बापूसाहेब म्हणाले. "मी वर्धेला नेतो गाडी."

"काऊन सायेब? उद्या देतो ना."

"नको रे बाबा. डॉक्टरची गाडी दर बुधवारी अशीच उघडी दिसते. केळझरला ते पडले तेही ऐकलं मी. तुझ्या कामात पहिलेसारखा दम नाही राह्यला. बुरं नको मानू."

दोन-तीन माणसं रस्त्यावर थबकली होती. मी डब्यावर बसून चहा पीत होतो आणि मनात म्हणत होतो, गिळ बाबा, आजवर एवढं गिळलंस, हेही गिळ. यशोदाबाईही तेच म्हणत असावी, कारण ती दारातून मान हलवत होती.

डोमाजी उठला. माझ्या गाडीचं चाक बसवलं, नट आवळले, तिला घोडीवरून उतरवलं. बापूसाहेब थांबून पाहत राहिले. डोमाजीने दांड्याभोवती पांढरं धुतलेलं फडकं गुंडाळलं आणि हँडलवर अंगाचा भार टाकून गाडी पंधरा-वीस वेळा दाबली. चिमटा खाली गेला, वर आला, नुसता श्वास घेतल्यासारखा. मग त्याने फडकं सोडून बापूसाहेबांच्या समोर धरलं. त्यावर तेलाचा ठिपका नव्हता.

"सीलात खोट नाई," तो म्हणाला. "केयझरले सायेब पडले ते माह्या हातानं, ते मी कबूल करतो. त्याच्यानंतर एक दांडा खराब गेला नाई. हे गाडी चांगली हाये. चांगली गाडी मी दर बुधवारी खोलतो. सायेब गाडीसाठी येतच नाईत. माह्यासाठी येतेत. मले महारोग हाये."

बापूसाहेबांचा हात त्यांच्या गाडीच्या सीटवर होता. तो त्यांनी उचलला. धोतराला पुसला. मग चालत निघून गेले. गाडी तिथेच. संध्याकाळी जिनिंगचा गडी आला, त्याने रस्त्यातच घासलेटच्या चिंध्यांनी ती हँडलपासून चाकापर्यंत पुसली आणि ढकलत नेली. मी तिथेच होतो. डोमाजी त्याला म्हणाला, "इंजिनाले घासलेट नोको लावजो, वायरी खराब होतेत."

लोक पांगल्यावर मी त्याच्यावर दुसऱ्यांदा ओरडलो. "काऊन सांगितलं? कोणी विचारलं होतं तुम्हाला?"

"सायेब, रोग देवानं देल्ला. त्याच्यात माही चूक नाई. पन काम खराब हाये मनलं, त थे माही चूक होते." त्याने फडकं घडी करून पेटीत ठेवलं. "महारोग्या मनू द्या. खराब मिस्त्री नाई मनू देनार मी कोनाले."

मला त्याचं हे म्हणणं त्या वेळी मूर्खपणाचं वाटलं. आजही मी ठरवू शकलेलो नाही. मी नाव लिहिलं असतं, तर दर बुधवारचं नाटक करावं लागलं नसतं, त्याच्या सीलावर बट्टा आला नसता, आणि आपल्या तोंडाने सांगायची पाळी आली नसती. रोग लोकांना कळायचा तो कळलाच असता. त्याला वाचवायला गेलो आणि त्याच्याजवळ जी एक गोष्ट होती तिलाच मी नख लावलं. हे मला खुपतं आणि खुपलंच पाहिजे.

पुढचं थोडक्यात आहे. कडुनिंबाखालची जागा पंधरा दिवसांत गेली. कोणी मारलं नाही, हाकललं नाही. गावाने चांगल्या शब्दांत सांगितलं. नाल्यापलीकडे त्याने झोपडं बांधलं. यशोदाबाई पुलगावात भाजी विकायला जाई ती आता वर्धेला जाऊ लागली, तिथे तिला कोणी ओळखत नव्हतं. मी उजळ माथ्याने नाव लिहिलं, उजळ माथ्याने गोळ्या देत राहिलो. दोन-अडीच वर्षांत चट्टा बुजला, शीर मऊ झाली, रोग थांबला. मी ते त्याला मोठ्या आनंदाने सांगितलं. त्याने हात पुढे केला आणि विचारलं, "मंग हिले कवा समजन?"

मी त्याला खरं सांगितलं. रोग जातो, मेलेली शीर परत येत नाही. तो म्हणाला, "असं का," आणि मला चहा दिला.

माझी बदली झाली. जायच्या आदल्या आठवड्यात पुढचं डावं सील गेलं, खरोखर गेलं. पुलगावात तोवर दुसरा एक मिस्त्री आला होता, रबरी सीलही मिळू लागलं होतं. मी गाडी नाल्यातून काढून पलीकडे नेली. सकाळची वेळ. डोमाजी बाहेरच बसला होता, दाढी वाढलेली, तीन बोटांनी पाना धरायची नवी रीत शिकलेला. गाडीकडे पाहून त्याचा चेहरा फुलला. चाक काढलं, दांडा काढला, घासलेटने धुतला, फडक्याने पुसला.

मी नख पुढे केलं. "द्या, मी बघतो."

"थांबा जरा."

त्याने दांडा दोन्ही तळहातांवर आडवा उचलला, डोळे मिटले, आणि तो खालच्या ओठाला लावून सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढत नेला. मध्ये थांबला. थोडा मागे घेतला, पुन्हा पुढे.

"अठी हाये," म्हणाला आणि थुंकला.

मी तिथे नख फिरवलं. अडलं. इतकं बारीक होतं की पहिल्या खेपेला माझ्या नखालाही चुकलं. त्याने खडूने खूण केली. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा दिसलं, की खालच्या ओठाची साल गेलेली होती, पांढरी, भेगाळलेली, घासलेटने खाल्लेली. एका दिवसात ओठ तसा होत नाही. आणि त्याच्याकडे दोन वर्षांत माझ्याशिवाय कोणाची गाडी आलेली नव्हती.

"कोणाचे दांडे तपासता?"

त्याने झोपड्याच्या कुडाला टेकवलेला एक जुना, भंगारातला दांडा दाखवला. "याचे साडेसात खड्डे हायेत. साडेसात, काऊन का एक अर्धाच हाये. रोज मोजतो. कोनी आलं त हात... म्हंजे, तयारी पायजे ना."

दुपारपर्यंत त्याने गाडी करून दिली. निघताना यशोदाबाई घरी नव्हती, वर्धेच्या बाजारात होती. मी नाल्यात उतरलो, पलीकडच्या चढावर गाडी थांबवली आणि मागे पाहिलं. तो झोपड्यापुढे उन्हात बसला होता. कुडाला टेकवलेला दांडा त्याने हाती घेतला होता. धुतला, पुसला, डोळे मिटले असावेत, इतक्या दुरून दिसत नव्हतं. मग तो उचलून ओठांशी नेला आणि हळूहळू सरकवू लागला, पहिल्यापासून.